पडतळ काढल्याशिवाय पदवी घेऊ नकोस

नाशिकहून एका सत्तावीस वर्षांच्या मुलीचं पत्र आलंय. मराठी माध्यमातून शाळा, मग बीकॉम, त्याचा तिला कमीपणाच वाटतो. गेली चार वर्षं ती अंबड एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. हातात २१ हजार येतात. तिला पुरवठा साखळीचं (कच्चा माल घेण्यापासून तयार माल पोचवण्यापर्यंतच्या कामांचं) शिक्षण घ्यायचंय आणि समोर तीन वाटा आहेत. नोकरी सोडून पुण्यात दोन वर्षांचं एमबीए, त्यासाठी फी आणि राहणं मिळून नऊ लाखांचं कर्ज. किंवा नोकरी सांभाळून अंशकालीन पदविका. किंवा साठ हजारांत तीन महिन्यांचा सॅपचा (कंपन्यांची खरेदी, साठा, हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) क्लास, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाला. वडील मोटार मेकॅनिक होते, आता थकलेत. ते म्हणतात, सरकारी परीक्षा दे. भाऊ म्हणतो, खरेदी खातं म्हणजे वरकमाईचं कुरण, आपल्यासारख्यांनी तिकडे फिरकू नये. तिचा मूळ प्रश्न असा: “खरेदी शिकू की लॉजिस्टिक्स? खरेदी म्हणजे एसीत बसून भाव ठरवणं, लॉजिस्टिक्स म्हणजे ट्रक, धूळ आणि ड्रायव्हर. मुलीला दुसरं जमेल का? शिवाय माझं इंग्रजी कच्चं, आणि हे सगळं उद्या एआय करणार असं ऐकते. पर्चेसचे साहेब मला अजून नावानं हाक मारत नाहीत, ‘स्टोअरवाली’ म्हणतात.”

पत्राच्या मायन्यातच तू मला मावशी करून टाकलंस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते. मी १९८८ साली भोसरीत स्टोअर क्लार्क म्हणून लागले आणि खरेदी खात्यातून निवृत्त झाले. म्हणजे मीही स्टोअरवालीच.

तुझ्या प्रश्नातला ‘की’ मला खटकला. खरेदी की लॉजिस्टिक्स, हा प्रश्न कॉलेजच्या माहितीपत्रकाचा आहे, कारखान्याच्या गेटवर तो कुणी विचारत नाही. हे मी शहाणपणानं सांगत नाहीये, मार खाऊन सांगतेय. २००४ सालची गोष्ट. आमच्याकडे एक ओतीव भाग लागायचा, महिन्याला साधारण तीनशे नग. कोल्हापूरचा फाउंड्रीवाला तो २१२ रुपयांना आमच्या दारात आणून द्यायचा, दर आठवड्याला थोडेथोडे. मला राजकोटहून १९८ रुपयांचं कोटेशन आलं. नगामागे चौदा रुपये! मी नवी नवी बायर होते, साहेबांपुढे मिरवायची हौस होती. अट एवढीच की पूर्ण ट्रक भरून घ्यायचा, अडीच हजार नग. मी पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) काढली.

माल मे महिन्यात आला. भाडं नगामागे पाच रुपये पडलं, ते मी धरलंच नव्हतं. अडीच हजार नग म्हणजे आठ महिन्यांहून जास्त साठा. जवळजवळ पाच लाख रुपये मांडणीवर बसून राहिले. बाराच्या दरानं व्याज धर, माल हळूहळू कमी होत गेला हेही धर, तरी नगामागे आठ रुपये गेले. मग आला पाऊस. शेडच्या एका बाजूला गळती होती (ती कुठल्या शेडला नसते?) आणि ऑगस्टमध्ये दीडशे नगांना असा गंज चढलेला निघाला की मशीनवर घेता येईनात. विक्रेत्याचं बिल जूनमध्येच चुकतं झालं होतं, आणि गंज आमच्याकडे चढला होता, त्याच्याकडे नव्हे. डेबिट नोट (विक्रेत्याच्या नावे वसुलीचा कागद) कशाच्या जोरावर काढणार? ते नुकसान सगळ्या मालावर पसरलं तर नगामागे आणखी बारा. आता बेरीज कर. १९८ अधिक पाच, अधिक आठ, अधिक बारा. दोनशे तेवीस. कराचा फरक सोडूनच देते. चौदा रुपये वाचवायला गेले आणि अकरा घालवून बसले. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी ती बेरीज माझ्याकडूनच करून घेतली आणि कागद मला परत दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

यात खरेदी कुठे संपली आणि लॉजिस्टिक्स कुठे सुरू झालं, सांग बरं? बाजारातल्या जुन्या व्यापाऱ्यांकडे यासाठी एक नेमका शब्द आहे: पडतळ. माल दारात येऊन वापराजोगा होईपर्यंत तो एकूण कितीला पडला, ते. एमबीएच्या वर्गात त्यालाच लँडेड कॉस्ट म्हणतात आणि कागदावरच्या भावाच्या पलीकडचा सगळा खर्च धरला की टोटल कॉस्ट ऑफ ओनरशिप म्हणतात. तू खरेदी शिकलीस आणि भाडं, साठा, मुदत, तूट यांचा हिशेब शिकली नाहीस, तर तू माझ्यासारखी चौदा रुपयांची बायर होशील. उलट नुसतं लॉजिस्टिक्स शिकलीस तर दुसऱ्यानं चुकीचा घेतलेला माल स्वस्तात वाहून आणण्यात हुशार होशील.

तुझ्याच जिल्ह्यातलं उदाहरण घे. निफाड-दिंडोरीची द्राक्षं न्हावा शेवाहून युरोपला जातात. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडी चढली. पोलादाचे सुटे भाग असते तर उशीर म्हणून भागलं असतं. द्राक्षाचं वय मात्र कंटेनरमध्येही वाढतच असतं. त्या हंगामात कुठल्या बागेचा, किती टिकाऊ माल घ्यायचा हा खरेदीचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर समुद्रात होतं. ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हा शब्द कीथ ऑलिव्हर नावाच्या सल्लागारानं १९८२ मध्ये जाहीरपणे वापरला तो या भिंती पाडायलाच. आपण तोच शब्द घेऊन कोर्सच्या नावांत पुन्हा भिंती घातल्या.

आता एसी आणि धुळीचं. खरेदीवाल्यानं विक्रेत्याचा कारखाना पाहिला नाही तर त्याला फसवणं फार सोपं असतं. मी ऐन उन्हाळ्यात फाउंड्रीच्या भट्टीजवळ उभी राहिलेय, उरणजवळच्या कंटेनर यार्डात फुकट ठेवायचे मोकळे दिवस संपून भाडं चढायला लागलेलं असताना दिवसभर कागद घेऊन फिरलेय. आणि लॉजिस्टिक्समधला मोठा भाग आता संगणकापुढे बसून होतो: मार्ग ठरवणं, ट्रान्सपोर्टरचे दर तपासणं, साठ्याचं नियोजन, कस्टमचे कागद. बायकांचं म्हणशील तर खोटं सांगणार नाही. मी लागले तेव्हा गेटवर ट्रकवाला मला बघून “साहेब कुठंयत?” विचारायचा. काही वर्षांनी तेच लोक “मॅडम, हॉल्टिंगचं बघा ना” म्हणत माझ्याकडे यायचे, कारण त्यांचं हॉल्टिंग, म्हणजे ट्रक खोळंबल्याचे पैसे, वेळेवर पास करणारी मीच होते. जमण्याचा प्रश्न तुझ्या बाजूनं नाही. कंपनीत रात्रपाळीनंतर घरी सोडायची गाडी आहे का, गोदामात बायकांसाठी संडास आहे का, हे मुलाखतीत न लाजता विचारायचं. ते जिथे नसेल तिथली नोकरी घ्यायची नाही. एवढंच.

आणि धूळ म्हणून ज्याला नाक मुरडतेस तिथेच सध्या हालचाल आहे. भिवंडीला गोदामं वाढली त्याचं एक कारण मुंबईच्या जकात हद्दीबाहेर असणं हे होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात नाके उठले, आणि कर वाचवण्यासाठी राज्याराज्यात छोटी गोदामं ठेवायची गरज सरली. कंपन्या थोडी आणि मोठी गोदामं ठेवू लागल्या. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आमणे म्हणजे भिवंडीच्या दारात. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराला केंद्र सरकारनं जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. नकाशा काढून नाशिकवर बोट ठेव आणि बघ तू कुठे बसली आहेस. पुण्याला जाण्याआधी हे बघ.

आता तीन वाटांकडे. पदवीचीही पडतळ काढायची, माहितीपत्रकावरचा भाव बघायचा नाही. नऊ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के, सात वर्षं: हप्ता साधारण १५,२०० रुपये. शिकत असतानाचं व्याज वेगळं. दोन वर्षं नोकरी नाही, म्हणजे २१ हजारांच्या हिशेबानं आणखी पाच लाख हातातून गेले. चौदा लाख झाले. एमबीए करून बाहेर पडल्यावर तुला ३५ हजारांची नोकरी लागली असं धर. हप्ता गेल्यावर उरले १९,८००. आजच्यापेक्षा कमी, आणि पुण्याचं घरभाडं अजून दिलेलं नाही. साठ हजारांची नोकरी लागली तर हिशेब वेगळा. म्हणून प्रश्न ‘एमबीए चांगलं की वाईट’ हा नाही, या कॉलेजातून साठची लागते की पस्तीसची हा आहे. त्यांना तीन गोष्टी विचार. सर्वात मोठं पॅकेज सांगू नका, मधल्या विद्यार्थ्याचं सांगा: सगळे पगार ओळीनं मांडले तर बरोबर मधला. गेल्या तीन वर्षांत पुरवठा साखळी शिकलेल्या किती जणांना खरेदी, नियोजन किंवा लॉजिस्टिक्सचंच काम मिळालं आणि किती जण बँकेच्या नाहीतर विम्याच्या विक्रीला लागले. आणि शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी पीओवर सही केलीय. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर.

पूर्णवेळ एमबीए कधी करावं, तेही सांगते, नाहीतर मी तुला नाशकातच बांधून घालतेय असं वाटेल. पवईचं जुनं नीटी, जे २०२३ पासून आयआयएम मुंबई झालं, तिथे कॅट देऊन प्रवेश मिळाला तर कर्ज काढ आणि जा, माझ्या पत्राची वाट बघू नकोस. उत्पादन आणि पुरवठा साखळी ही त्या संस्थेची जुनी ओळख आहे. किंवा कारखानदारी सोडून औषधं, ई-कॉमर्स, सल्लागार कंपनी अशा दुसऱ्याच दुनियेत उडी मारायची असेल, तर पूर्णवेळ पदवी दार उघडते. किंवा तुझ्या कारखान्यानं पुढचं वर्षभर तुला स्टोअरमधून हलवायला ठाम नकार दिला, तर तिथे थांबण्यात अर्थ नाही. तुझ्या पत्रात यातलं काहीच दिसलं नाही. तिथे मला दिसला तो ‘स्टोअरवाली’ या शब्दाचा राग. राग रास्त आहे, पण नऊ लाखांचा नाही.

सॅपच्या क्लासचं लवकर आटपते. सॅप हे अवजार आहे. एमई२१एन उघडून पीओ कशी टाकायची, मिगोत माल जमा कसा दाखवायचा, मिरोत बिल कसं बसवायचं, हे कामावर पंधरा दिवसांत येतं. पीओ, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि बिल हे तिन्ही जुळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत हे तुला आजच माहीत आहे. त्या क्लासमधल्या अर्ध्या पोरांनी जीआरएन डोळ्यांनी पाहिलेलीही नसेल. तुमच्या कारखान्यात सॅप असेल तर आयटीवाल्याला गोड बोलून बघण्यापुरती परवानगी मिळव. नसेल तर साठ हजार आत्ता खर्चू नकोस. आणि जो शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतो त्याच्याकडे नियुक्तिपत्रांच्या प्रती माग.

राहिली नोकरी सांभाळून शिकण्याची वाट. तीच मी तुला सांगेन, पण नुसती पदविका नव्हे. आधी सहा महिने फुकटात शिक. ‘स्वयम्’ या सरकारी शिक्षण पोर्टलवर आयआयटीवाल्यांचे एनपीटीईएलचे पुरवठा साखळी आणि साठा नियोजनाचे अभ्यासक्रम आहेत; शिकणं मोफत, परीक्षा द्यायची तरच थोडी फी. अमेरिकेतल्या एमआयटीचाही याच विषयाचा अभ्यासक्रम ऑनलाइन आहे. प्रमाणपत्र नको असेल तर त्यातली व्याख्यानं फुकट ऐकता येतात, मात्र गणित जरा कडक. या सहा महिन्यांत कळेल की रात्री साडेनऊला जेवून तू पुस्तक उघडतेस की मोबाइल. ते कळल्यावरच पदविकेला पैसे भर. नोकरदारांसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटचे अभ्यासक्रम वर्षानुवर्षं चालू आहेत, त्यांच्या शाखा मुंबई-पुण्यासह अनेक औद्योगिक शहरांत आहेत, आणि कारखान्यांच्या खरेदी खात्यात ते नाव ओळखीचं आहे. मुक्त विद्यापीठ तर तुझ्या गावातच आहे. काय चालू आहे ते जाऊन बघ. इंग्लंडच्या सीआयपीएस आणि अमेरिकेच्या एएससीएम या संस्थांची प्रमाणपत्रं (सीपीआयएम, सीएससीपी वगैरे) बहुराष्ट्रीय कंपन्यांत चालतात, पण ती खिशाला जड आहेत आणि परीक्षा इंग्रजीत. ती पाच वर्षांनी, जमलं तर कंपनीच्या पैशानं.

तू शिकशील ते रोज स्टोअरमध्ये लावून बघायचं, हे खरं महत्त्वाचं. तुझ्याकडे प्रयोगशाळा आहे आणि तू तिला कोठार समजतेस. पहिल्या महिन्यात वर्षभराच्या वापराची यादी काढ, प्रत्येक आकडा किमतीनं गुणून उतरत्या क्रमानं लाव. मोजक्या वस्तूंत बहुतेक पैसा अडकलेला दिसेल. ही झाली एबीसी. मग त्यातली एक वस्तू उचल. समज वर्षाला १२,००० नग लागतात. एक ऑर्डर काढण्याचा, चलन, गेट, तपासणी, जीआरएन, बिल या सगळ्याचा खर्च ५०० रुपये. एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च १२ रुपये. एकदा किती मागवावे? फोर्ड हॅरिस नावाच्या एका अमेरिकन माणसानं १९१३ साली याचं सूत्र काढलं: वार्षिक गरज गुणिले ऑर्डरचा खर्च गुणिले दोन, भागिले सांभाळण्याचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. इथे उत्तर येतं १,०००. हजार-हजार मागवले तर वर्षाला ऑर्डरींचे सहा हजार आणि साठ्याचे सहा हजार, एकूण बारा. चार-चार हजार मागवले तर ऑर्डरींचा खर्च दीड हजारावर येतो पण साठ्याचा चोवीस हजारांवर जातो. दुपटीहून जास्त. सूत्राला देव मानू नकोस. ते धरून चालतं की मागणी वर्षभर सारखी आहे, आणि आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या आधी काय होतं ते तुला माहीत आहे. पण तुमचे पर्चेसवाले चार हजार का मागवतात, हे विचारायचा धीर हे सूत्र देतं.

दुसऱ्या महिन्यात एक वेगळी यादी. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये करिया इथल्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व बनायचा. टोयोटाला लागणारे हे व्हॉल्व जवळजवळ सगळे तिथूनच यायचे, आणि टोयोटाची पद्धत अशी की साठा अगदी जेमतेम ठेवायचा. काही दिवसांत टोयोटाचे जपानमधले जवळपास सगळे कारखाने थांबले. मग इतर पुरवठादारांनी, अगदी शिवणयंत्रं बनवणाऱ्या कंपनीनंसुद्धा, तो व्हॉल्व बनवायला घेतला आणि आठवड्याभरात गाडी रुळावर आली. व्हॉल्व महाग नव्हता. एबीसीच्या यादीत तो वर कधीच दिसला नसता. पीटर क्राल्जिकनं १९८३ मध्येच खरेदीच्या वस्तूंची चार घरं पाडून दाखवली होती: पैसा किती गुंतलाय आणि मिळायला किती अवघड, या दोन मापांवर. स्वस्त पण मिळायला अवघड, ते घर सगळ्यात दगाबाज, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तुझ्या मांडणीवर अशा वस्तू आहेतच. एखादं सील, एखादी खास सर्क्लिप, एकाच दुकानातून येणारं एखादं तेल. त्या कोणत्या, हे पर्चेसच्या साहेबांना बहुधा ठाऊक नाही. तुला आहे, कारण लाइन थांबली की शिव्या तू खातेस.

बीकॉमचा तुला कमीपणा वाटतो, याचं मला हसू आलं. आजचा बायर कराशिवाय एक पाऊल टाकू शकत नाही. विक्रेत्यानं त्याचं बिल जीएसटीच्या विवरणात भरलं नाही आणि ते तुमच्या २बीत (जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या खरेदीच्या पत्रकात) दिसलं नाही तर तुमचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, अडकतं. स्वस्त कोटेशन तिथेच महाग होतं. परराज्यातून पन्नास हजारांवरचा माल ई-वे बिलाशिवाय (वाहतुकीच्या ऑनलाइन परवान्याशिवाय) हलत नाही, आणि त्या बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे २००६ च्या कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, आणि २०२३-२४ पासून मुदत उलटून वर्षअखेर थकलेली अशी देणी त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून वजा मिळत नाहीत, देऊ त्या वर्षी मिळतात. हे इंजिनिअर बायरला समजावताना मी घसा कोरडा केलाय. तुला ते बोलीभाषेसारखं येतं. तुला कमी पडेल ते ड्रॉइंग वाचणं. शॉपफ्लोअरवरच्या एखाद्या जाणत्या फिटरकडे रोज डब्याच्या सुट्टीत दहा मिनिटं बस, सहा महिन्यांत टॉलरन्स, म्हणजे मापात किती कमी-जास्त चालतं, ते कळेल. यासाठी कुठलाही कोर्स नाही.

इंग्रजीबद्दल फार घाबरू नकोस. या धंद्याचं इंग्रजी चारशे-पाचशे शब्दांचं आहे आणि त्यातले अर्धे तू रोज बोलतेस. खरं इंग्रजी लागतं करार वाचायला. जुनी करारपत्रं माग, रोज एक कलम वाच: माल कुठे ताब्यात घ्यायचा, वाटेत तुटला तर कुणाचा, उशिराला दंड किती. आयात-निर्यातीत यासाठी इन्कोटर्म्स नावाचे अकरा ठराविक शब्द आहेत, एफओबी, सीआयएफ वगैरे. २०२० ची आवृत्ती सध्या चालते. ते अकरा नीट कळले तर फाडफाड बोलणाऱ्यांपेक्षा तू पुढे. एआयचं म्हणशील तर पीओ टाइप करण्याचं काम जाणारच आहे, ईआरपीनं (सॅपसारख्या सॉफ्टवेअरनं) ते आधीच निम्मं खाल्लंय. पण राजकोटच्या मालकाचा फोन सलग तीन वेळा उचलला गेला नाही, याचा अर्थ ओळखायला अजून माणूसच लागतो.

भावाच्या टोमण्याला उत्तर द्यायला हवं, कारण तो पूर्ण खोटा नाही. खरेदीत पैसे खाल्ले जातात. दिवाळीला मिठाईच्या खोक्यात चांदीची नाणी आलेली मी पाहिली आहेत. मी आलेलं प्रत्येक खोकं सरळ रिसेप्शनवर नेऊन ठेवायचे, सगळ्यांसमोर उघडायचे, मिठाई शॉपफ्लोअरवर वाटायची, बाकीचं पोचपावती घेऊन परत. दोन वर्षांत खोकी यायची बंद झाली. तीन कोटेशनं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, आणि सर्वात स्वस्त घेतलं नसेल तर का नाही, याची दोन ओळींची लेखी नोंद. ही सवय तुला वाचवेल, तुझ्यावर आळ आला तरी. भावाला एवढंच विचार की प्रामाणिक माणसांनी तिकडे फिरकायचं नाही, तर मग तिथे बसायचं कुणी? आणि वरकमाईइतकंच मला दुसरं पाप वाटतं: छोट्या विक्रेत्याला भावात पिळायचं आणि पैशासाठी सहा महिने हेलपाटे घालायला लावायचे. त्याला कुणी भ्रष्टाचार म्हणत नाही, उलट बढती मिळते.

वडिलांशी भांडू नकोस. त्यांनी आयुष्यभर मोटारी दुरुस्त केल्या. ‘पार्ट आला नाही म्हणून गाडी उभी’ हे वाक्य त्यांनी किती वेळा उच्चारलं असेल? त्यांना सांग, तो पार्ट वेळेवर का येत नाही, हेच मी शिकणार आहे. त्यांना सरकारीच हवं असेल तर परीक्षाही देऊन बघ, वय आहे तोवर. सरकारही खरेदीच करतं. २०१६ पासून जेम या सरकारच्या ऑनलाइन बाजारावर मोठी सरकारी खरेदी होते. तुझ्या कारखान्याचा माल सरकारी खात्यांना लागण्यासारखा असेल तर जेमची नोंदणी कशी होते ते बघून ठेव. फक्त परीक्षेच्या नावाखाली तीन वर्षं घरी बसू नकोस.

अशीच पत्रं आणखी दोघांची आली होती, त्यांचंही इथेच उरकते. लातूरच्या बारावीतल्या मुला, तुला लॉजिस्टिक्सचं बीबीए करायचंय तर कर, पण अभ्यासक्रमात कंपनीतली सलग, पगारी उमेदवारी आहे का ते आधी विचार. नसेल तर साधं बीकॉम करून एखाद्या ट्रान्सपोर्टरकडे अर्धवेळ लाग. आणि चाकणचे एकेचाळीस वर्षांचे डिस्पॅच सुपरवायझर, तुम्हाला पदवीची गरज नाही. तुम्हाला एक्सेल आणि तुमच्या वीस वर्षांतल्या तीन कामगिऱ्या आकड्यांसकट एका पानावर लिहिण्याची गरज आहे. भाडं किती वाचवलं, डिटेन्शन (गाडी खोळंबल्याचा आकार) किती कमी केलं. लिहा आणि मग नोकरी शोधा.

तर बाई, सोमवारी कामावर गेलीस की लाइन थांबवू शकणाऱ्या स्वस्त वस्तूंची ती यादी करायला घे. दहाच पुरेत. प्रत्येकीपुढे लिही: विक्रेता एकच आहे का, माल यायला किती दिवस लागतात, आज शिल्लक किती, आणि गेल्या वर्षात ती किती वेळा संपली. खाली तुझं पूर्ण नाव, तारीख. पर्चेसच्या साहेबांना ईमेल कर, प्लँट हेडला प्रत ठेव. आणि त्या दहांत पहिल्या नंबरवर काय निघालं, ते मला कळव. माझ्या वेळी साडेसात रुपयांचा ओ-रिंग निघाला होता.